भाताची मूद आणि हिरवा बावटा

पिंडाला कावळा शिवावा म्हणून हात जोडून उभी राहिलेली माणसं मी पुष्कळ पाहिली होती. कावळ्याने शिवू नये म्हणून छत्री उगारून उभा असलेला माणूस मात्र मी पहिल्यांदा पाहिला तो सोलापुरात, लग्न होऊन आल्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात.

आमचे घरमालक होते ते. त्यांच्या स्वतःच्या दोन खोल्यांवर मातीचं धाबं होतं आणि आम्हा भाडेकऱ्यांच्या खोल्यांवर पत्रे. त्या धाब्यावर ते भर पावसात उभे होते. अंगात काळा कोट, धोतराचा काचा मारलेला, हातात मिटलेली छत्री. पुढ्यात एक पालथं घमेलं, घमेल्यावर चांदीची वाटी आणि वाटीत भाताची पांढरीशुभ्र मूद. कठड्यावर एक कावळा मान वाकडी करून बसला होता. तो जरा पुढे सरकला की मालक छत्री उगारून त्याच्या अंगावर धावत. छत्री कावळ्यासाठी होती, त्यामुळे ते स्वतः नखशिखांत भिजले होते आणि त्याचं त्यांना काहीही नव्हतं.

मी आत येऊन आमच्या ह्यांना विचारलं की मालकांकडे आज कुणाचं श्राद्ध आहे का. हे एका शाळेत कारकून होते, त्यांना कशाचंच नवल वाटत नसे. वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाले, श्राद्ध नाही, पाणी तपासतायत. मी सांगोल्याकडची. आमच्या बाजूला पडेल ते पाणी माणसं डोळ्यांत तेल घालून साठवतात. आभाळातून पडलेलं पाणी तपासून घ्यायचं असतं हे मी सात जन्मात ऐकलं नव्हतं. वडिलांनी आपल्याला वेड्याच्या घरात भाड्याने आणून टाकलं असं मला वाटलं, आणि ते अगदीच चूक होतं असं आजही म्हणवत नाही.

त्यांना सगळे गार्डसाहेब म्हणत. वाडी ते दौंड मालगाड्या नेण्यात त्यांचा जन्म गेला होता. मेल त्यांना कधी मिळाली नाही. मेल आली की यांची मालगाडी बाजूच्या रुळावर उभी करायची आणि मेलचा गार्ड ऐटीत पुढे जाताना बघायचं, हे त्यांनी तीस-पस्तीस वर्षं केलं. पेन्शनीत आल्यावर त्यांनी गिरणीच्या मागच्या बोळात हे घर बांधलं. जागा मोकळी मिळाली म्हणून खूश झाले. ती मोकळी का होती ते घर बांधून झाल्यावर कळलं. बोळाच्या पूर्वेला गिरणीचं धुराडं होतं. त्याची काजळी आमच्या पापडांवर बसायची, वाळत घातलेल्या धोतरांवर बसायची, पोरांच्या नाकातून निघायची. बोळातल्या बायका कुरडया घालायच्या त्या गिरणीच्या सुट्टीच्या दिवशी.

विहिरीचं पाणी मचूळ होतं. त्यात तूरडाळ शिजायला बसली की आपण म्हातारं व्हावं. नळ होता, पण तो बोळाच्या तोंडाशी आणि उन्हाळ्यात त्याची मर्जी फिरलेली असे. तरीही गार्डसाहेबांनी हौद बांधला तो डाळीसाठी नव्हे. त्यांच्या बायकोला, आमच्या काकूंना, मुतखड्याचा त्रास होता. कळ आली की त्या पदराचा बोळा तोंडात धरत आणि शेजारच्या खोलीतल्या मला आवाज ऐकू येत नसला तरी कळायचं. वैद्यबुवांनी सांगितलं, हे विहिरीचं जड पाणी बंद करा, आभाळाचं हलकं पाणी पाजा. आणि निघता निघता, चप्पल घालताना, एक जुनी रीत सांगितली. पाऊस पडत असताना चांदीच्या भांड्यात शिजलेल्या भाताची मूद उघड्यावर ठेवावी. भात होता तसा राहिला तर ते पाणी पिण्याजोगं. भाताला रंग चढला तर सोडून द्यावं.

वैद्यबुवा बहुधा बोलायचं म्हणून बोलले असावेत. गार्डसाहेबांनी मात्र ते रेल्वे कंपनीच्या नियमावलीसारखं शिरोधार्य मानलं.

मग त्यांनी पावसाचं वेळापत्रक बसवलं. उघडीप झाल्यावर पडणारी पहिली सर म्हणजे मालगाडी. पत्र्यावर साचलेली सगळी काजळी ती घेऊन जाते. तिला थांबवायचं नाही, सरळ गटारात जाऊ द्यायची. तिच्या मागून येणारी पॅसेंजर. ती धुण्याला, अंघोळीला चालते. आणि धाब्यावरच्या भातावर एकही काळा ठिपका पडला नाही की मेल. मेल हौदात.

पत्र्याच्या पन्हळीला खाली एक फिरती डबडी जोडलेली होती. एका बाजूला वळवली की पाणी गटारात, दुसऱ्या बाजूला वळवली की हौदात. ही डबडी म्हणजे रूळ बदलायचा सांधा, आणि सांधेवाला म्हणून आमच्या ह्यांची नेमणूक झाली होती. पाऊस आला की शाळेचा कारकून पंचा गुंडाळून अंगणात डबडी धरून उभा, नजर वर, बावट्याकडे. लाल बावटा दिसतोय तोवर गटार. हिरवा दिसला की हौद. घरात मी एखादं काम दहादा सांगितलं तरी जागचे न हलणारे हे, त्या हिरव्या फडक्यासरशी असे काही हलायचे की मला दोन्ही पुरुषांचा राग यायचा.

बावट्यांची कथा काकूंकडून ऐकण्यासारखी होती. नोकरी सुटली तेव्हा शिट्टी गार्डसाहेबांनी ठेवून घेतली, बावटे मात्र कंपनीकडे जमा झाले. म्हणून त्यांनी लाल बावटा काकूंच्या जुन्या लुगड्याचा केला आणि हिरवा त्यांच्या न शिवलेल्या खणाचा. काकू करकंब गावच्या. प्रत्येक नव्या भाडेकरणीला त्या वर बोट दाखवून सांगत, "त्यो माजा दिवाळीचा खण हाय. आंगाला लागायच्या आदी काठीला लागला."

एकदा माझे वडील सांगोल्याहून आले. गार्डसाहेबांच्या घरी पाहुण्याला चहा मिळे, पण त्याआधी परीक्षा द्यावी लागे. तीन पेले पुढे यायचे, विहिरीचा, नळाचा आणि आभाळाचा, आणि कुठला कुठला ते ओळखायचं. माझ्या वडिलांनी तिन्ही पेले घटाघटा पिऊन टाकले आणि मिशा पुसल्या. गार्डसाहेब उत्सुकतेने बघत होते. वडील म्हणाले, "आमच्याकडं पानी हाय का न्हाय येवढंच बघत्यात, साहेब." गार्डसाहेब उठून आत गेले आणि हौदाचं पाणी भरलेली एक कळशी त्यांनी वडिलांच्या बैलगाडीत स्वतः नेऊन ठेवली. ती हिंदकळू नये म्हणून भोवती गवत लावलं. एवढं करून, पाण्याला तोंड लावण्याआधी हात धुवावे अशी ताकीदही दिली.

आणि ते हवालदाराचं प्रकरण. ते दिवस गिरण्यांच्या भागात तापलेले होते. संपवाल्यांचा बावटा लाल, त्यामुळे लाल कपडा कुठे फडकला की पोलिसांचे कान टवकारायचे. गिरणीकडे तोंड करून रोज कुणीतरी धाब्यावर लाल बावटा लावतं अशी खबर चौकीवर गेली. एक हवालदार आला आणि त्याने दरडावून विचारलं की बावटा कशाचा. गार्डसाहेबांनी खरं तेच सांगितलं, की भात काळा पडला आहे. हवालदाराला ती काहीतरी खूण वाटली. तो शिडी चढून वर गेला, पालथं घमेलं उलटं करून पाहिलं, त्याखाली काही नव्हतं. वाटी हुंगली. मग गार्डसाहेबांनी त्याला मालगाडीपासून सुरुवात करून सगळं समजावलं आणि खाली आणून तीन पेले पुढे ठेवले. हवालदार नरमला. तोडगा म्हणून त्याने सुचवलं की लाल लावा, पण सोबत हिरवाही लावत जा, म्हणजे वरच्यांना शंका येणार नाही.

गार्डसाहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. दोन्ही बावटे एकदम दाखवले तर गाडीने करायचं काय, असं त्यांनी हवालदाराला विचारलं, आणि इतक्या कळकळीने विचारलं की तो बिचारा पगडी काढून डोकं खाजवू लागला. शेवटी काकूंनी दिलेलं तांब्याभर पाणी घेऊन तो गेला. त्याच्या घरची डाळ त्या दिवशी लोण्यासारखी शिजली असावी, कारण नंतर चांगला पाऊस झाला की तो स्वतःहून घागर घेऊन यायचा आणि वर बघून विचारायचा, मेल आली का.

आम्ही सगळे त्यांना हसत होतो, तोंडावर आणि पाठीमागे. तरी माझी पोरं त्या बोळात वाढली आणि त्यांच्या पोटात त्या हौदाचंच पाणी गेलं. गार्डसाहेबांवर माझा जीव होता हे सरळ सांगून टाकते.

माझ्या लग्नानंतर तीन-चार वर्षांनी मृग कोरडा गेला. त्याआधीचा पावसाळाही बेताचाच झाला होता, त्यामुळे हौद अर्ध्यावरच होता. ते पाणी काकूंच्या पिण्यापुरतं ठेवायचं असं ठरलं होतं. पण गार्डसाहेब संध्याकाळी फिरायला गेले की काकू हौदाचं झाकण उघडायच्या. पलीकडच्या खोलीत लक्ष्मम्मा राहायची. घरात माग, बोलणं तेलुगू, आणि सून नुकतीच बाळंत झालेली. त्या बाळंतिणीला दोन तांबे जायचे. माझ्या धाकट्याला एक तांब्या यायचा. मी काकूंना म्हटलं की साहेबांना कळलं तर रागावतील. काकू म्हणाल्या, "त्येंला कळतंय की. रोज बांबू घालून पानी मोजत्यात. मोजत्यात आन् मुकाट्यानं बांबू वाळत घालत्यात."

आषाढात हौदाचा तळ दिसला. काकू विहिरीच्या पाण्यावर आल्या आणि कळा सुरू झाल्या. चांगल्या उभ्या अंगाची बाई अंथरुणाला खिळली. वैद्यबुवा येऊन नाडी बघून गेले. बाहेर ओसरीवर त्यांनी गार्डसाहेबांना हळू आवाजात सांगितलं की पाणी बदललं नाही तर माझ्या औषधाचा काही उपयोग नाही. ते मी ऐकलं.

नळाचं पाणी तरी द्यावं, तर नळाला त्या वर्षी चिखल येत होता. पश्चिमेकडून ढग यायचे, गिरणीवरून पुढे निघून जायचे. आमच्याकडे असं झालं की आशा उरते ती भाद्रपदातल्या पूर्वेच्या पावसाची. आणि इथेच गाडं अडत होतं. पूर्वेला धुराडं. त्या बाजूचा वारा सुटला की पाऊस थेट धुरातून खाली यायचा. दरवर्षी गार्डसाहेबांनी पूर्वेचा पाऊस झाडून सगळा गटारात सोडलेला होता, कारण भातावर तीळ पेरल्यासारखे ठिपके पडत. या वर्षी दुसरा पाऊस नव्हता.

एके दिवशी त्यांनी कोट चढवला, खिशात शिट्टी घातली आणि आमच्या ह्यांना बरोबर घेऊन गिरणीच्या मागच्या दाराशी गेले. तिथे बॉयलरवर एक वयस्कर मुसलमान गृहस्थ होते. त्यांना सगळे चाचा म्हणत. पाळी सुटली की ते आमच्याच बोळातून घरी जायचे. पुढचं संभाषण आमचे हे मला इतक्यांदा सांगत आले की मी तिथे होते असंच मला वाटतं.

गार्डसाहेबांनी चाचांना सांगितलं की इंजिनावरचा आगवाला फावडी भरभरून कोळसा टाकतो तेव्हा काळा धूर निघतो. तोच थोडा थोडा, पसरून टाकला तर धूर जवळजवळ दिसत नाही. पाऊस असेल तेवढा वेळ तुम्ही तसं कराल का. आणि मग कशासाठी ते सांगितलं.

पसरून कोळसा टाकायचा म्हणजे माणसांनी भट्टीपुढून हलायचं नाही, घामाने निथळत राहायचं. चाचांनी गळ्यातल्या रुमालाने तोंड पुसलं. म्हणाले, "सेठकू भाप होना, गार्डसाब. धुआँ किसकू होना? मारता मैं पतला पतला. लेकिन अंदर मेरेकू कैसा मालूम पडना, बारिश आई करके?"

गार्डसाहेब म्हणाले, "मी लाल बावटा दाखवतो."

पहिल्या खेपेला फजिती झाली. पूर्वेला आभाळ भरून आलं, गार्डसाहेबांनी धाब्यावर चढून गिरणीच्या दिशेने लाल बावटा धरला, शिट्टी फुंकली. थोड्या वेळाने धुराड्याचा काळा लोट खरंच विरळ झाला. सगळा बोळ तोंडात बोट घालून बघत होता. पाऊस मात्र आला नाही. ढग अक्कलकोटकडे निघून गेले आणि चाचा व त्यांची माणसं उगाच भाजून निघाली. गार्डसाहेबांना इतकी लाज वाटली की ते जेवले नाहीत. काकूंनी अंथरुणात पडल्या पडल्या मला शेंगांची चटणी कांडायला लावली आणि ती कडक भाकऱ्यांसह बॉयलरवर पोचती केली. चाचांचा निरोप आला की चटणी अशीच असेल तर बावटा रोज दाखवा.

मग एका दुपारी ते ढग पुन्हा आले, आणि थेंब पडले.

गार्डसाहेब त्या वयात शिडीवरून कसे चढले देव जाणे. लाल बावटा गिरणीकडे. शिट्टी. इकडे पत्रे वाजू लागले आणि पन्हळीतून पाण्याची धार सुटली, काळी, शाई कालवल्यासारखी. आमचे हे डबडी गटाराकडे धरून उभे. ही मालगाडी होती, ती सोडायची हे आम्हाला पाठ होतं. पण सबंध पावसाळ्यात पहिल्यांदा पडणारं पाणी डोळ्यांदेखत गटारात चाललं होतं. धार हळूहळू गढूळ झाली, मग फिकट झाली. आतून काकूंचं कण्हणं ऐकू येत होतं. तेवढ्यात पावसाचा जोर कमी झाल्यासारखा वाटला आणि लक्ष्मम्माने कपाळाला हात लावला. मला राहवलं नाही. मी वर बघून ओरडले, "काकू आत तळमळतायत आणि तुम्ही पाणी गटारात घालवताय. पाऊस थांबला तर काय करणार?"

वरून उत्तर आलं, "थांबला तर थांबला, सूनबाई. हे पाणी तिला द्यायचं नाही."

त्यांनी मूद उघडी केली. कावळा हजर होताच. एका हातात गिरणीकडे धरलेला लाल बावटा, दुसऱ्या हातात छत्री. त्या एका माणसाने त्या वेळी एकीकडे गिरणी थोपवली होती आणि दुसरीकडे कावळा. धुराड्यातून नुसती करडी वाफ निघत होती. पाऊस रेंगाळला, रिमझिम झाला, आणि मग पूर्वेकडून पुन्हा असा जोरात आला की समोरची भिंत दिसेना. गार्डसाहेब छत्री काखेत मारून वाटीवर वाकले. भात अगदी नाकाशी नेऊन पाहिला. वाटी खाली ठेवली, पुन्हा वाट पाहिली, पुन्हा वाकले. आमचे हे डबडी दोन्ही हातांनी धरून, पावसाने डोळे मिचकावत वर बघत होते.

गिरणीकडचा लाल तसाच राहिला आणि आमच्या बाजूला काकूंचा हिरवा खण वर गेला.

ह्यांनी सांधा असा फिरवला की डबडीचा एक कान तुटून हातात आला. पाणी हौदात कोसळलं. कोरड्या हौदाचा तो आवाज ऐकून लक्ष्मम्मा तेलुगूत काहीतरी बोलून रडायलाच लागली आणि मी तिला धरून हसत सुटले. पोरं पावसात नाचू लागली. गिरणीच्या भिंतीवरून चाचांचा एक माणूस डोकं काढून हात हलवत होता.

मी आणि लक्ष्मम्माने काकूंना धरून उंबऱ्याशी आणून टेकवून बसवलं. गार्डसाहेब खाली उतरले. हौदातलं पाणी जरा निवळू द्यावं असं कुणी म्हणालं, ते त्यांनी ऐकलं नाही. पन्हळीच्या धारेखाली पांढरं फडकं धरून त्यांनी फुलपात्र भरलं, फडकं उजेडात नेऊन पाहिलं, त्यावर डाग नाही याची खात्री केली आणि मग ते काकूंपुढे धरलं. काकूंनी एक घोट घेतला. तोंडात धरून ठेवला. गिळला.

आयुष्यात इतक्या पाहुण्यांना पाण्याची चव विचारली या माणसाने, पण आता त्यांना धड विचारता येईना.

काकू म्हणाल्या, "आळणी हाय की ओ."

विहिरीच्या खाऱ्या पाण्याने इतके दिवस तोंड खारावलेली बाई होती ती. गार्डसाहेबांचे डोळे भरून आले. खात्री नसल्यासारखं त्यांनी पुन्हा विचारलं, "अळणी?"

"व्हय. काय बी चव न्हाय." काकूंनी रिकामं फुलपात्र पुढे केलं. "आजून द्या."

आणि कोटासकट निथळत असलेला तो पेन्शनर माणूस फुलपात्र छातीशी धरून पन्हळीकडे पळत गेला.